फ्लॅट नं. ११ : विशेष कचरा

५ सप्टेंबर १९९४, सोमवार

विशेष कचरा! विशेष!! आम्ही काय हिरे-माणकं टाकतो?

सकाळी दूध आणायला खाली उतरले तर जिन्याखालच्या काळ्या फळ्यावर खडूने लिहिलेलं — ‘ह्या महिन्यापासून कचरा उचलण्याचे दर फ्लॅटला रु. १०. फ्लॅट नं. ११, विशेष कचरा, रु. ३० जादा. दहा तारखेच्या आत भरावे. — सेक्रेटरी.’ वीस फ्लॅटची बिल्डिंग. एकोणीस घरांचे दहा आणि आमचे चाळीस. नाव नाही लिहिलं हे केवढे उपकार! जसं काही अकरा नंबरात कोण राहतं ते कुणाला ठाऊकच नाही.

दुधाची पिशवी धरून तिथेच उभी राहिले. दोनदा वाचलं. शाळेला निघालेली मुलं जिना उतरत होती, त्यातल्या एकाने मोठ्याने वाचलं आणि माझ्याकडे बघून एकदम गप्प झाला. त्या गप्प होण्यानेच जास्त लागलं.

विशेष कचरा म्हणजे माझ्या सासूबाईंची फडकी. फेब्रुवारीत आई बाथरूममध्ये घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून हॉलमधल्या कॉटवर. बेडपॅन आणलं, पण ते सरकवायला कूस वळवली की कळवळतात. शेवटी फडकी. त्यांचीच जुनी नऊवारी लुगडी फाडून. एका लुगड्याचे अठरा तुकडे होतात, आता हाताला मापच बसलंय. आधी धूत होते मी. पण इथे शांती नगरात पाणी एक दिवसाआड, तेही अर्धा तास. एरवी टँकरपुढे बादल्यांची रांग! त्या पाण्यात प्यायचं, शिजवायचं, की फडकी धुवायची? एप्रिलपासून टाकायला लागले. दिवसाला सहा-सात. दुहेरी पिशवी, वर घट्ट गाठ. ह्याहून जास्त माणसाने करायचं तरी काय?

आणि ह्याच्यासाठी सतरा वर्षांची टायपिस्टची नोकरी सोडली मी. तेव्हा सगळे ‘गिरिजा म्हणजे लक्ष्मी’ म्हणत होते. आता लक्ष्मीच्या घरचा कचरा विशेष.

हे संध्याकाळी आले, बूट काढता काढता म्हणाले, “देऊन टाक ना तीस रुपये.” देऊन टाक! प्रश्न तीस रुपयांचा नाहीच. (आहेही. तीस रुपयांत दोन किलो साखर येते, आणि फ्लॅटच्या हप्त्याने ह्यांचं कंबरडं मोडलंय.) पण तो शब्द! तो कुणी काढला डोक्यातून?

६ सप्टेंबर

फळा ओल्या फडक्याने पुसून टाकला. दुपारी पुन्हा लिहिलेलं. ह्या खेपेला अक्षर जास्त वळणदार, आणि ‘विशेष’च्या खाली रेघ!

८ सप्टेंबर, गुरुवार

आज मंदाला दारातच गाठलं. मंदा म्हणजे आमची कचरेवाली. महाडकडची, मिठागराच्या कडेला झोपडीत राहते, वयाने माझ्याएवढीच. साडेआठला येते आणि चौथ्या मजल्यापासून डबे रिकामे करत खाली जाते.

“तीस रुपये तू मागितलेस?”

“मागितलं बाई. खोटं कशाला बोलू?”

“का म्हणून?”

“तुमची पिशवी कुंडीवर टाकली का कुत्री फाडतात. मंग तिथला पानवाला माझ्या अंगावर येतो. म्हनून मी ती पार खाडीपातूर नेते, डोक्यावर. वीस मिनटं जायला, वीस यायला. आनि त्याच हातानं भाकर खायची हाय मला.”

“साबण मी देते तुला.”

“साबन मला खाडीपातूर उचलून नेतोय व्हय?”

मी आवाज चढवला. माझं नेहमीचंच. वरच्या नीलमकडे रोज मासळी साफ होते, तिचा वास नाही येत? तो विशेष नाही? माणूस आजारी पडलं की त्याचा दर वेगळा? घरात म्हातारं माणूस ठेवलं हा गुन्हा झाला का? जिन्यातून दोन-तीन दारं उघडल्याचं ऐकू आलं. येऊ दे ऐकू!

मंदा माझ्या खांद्यावरून आत बघत राहिली. आमचं दार उघडलं की चार पावलांवर आईंची कॉट. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. भाद्रपद लागला की आईंच्या कानात कापूस जातो, तो पार होळीपर्यंत. गिरगावात होत्या तेव्हापासूनची सवय — वारा बाधतो म्हणे. आधीच ऐकू कमी, त्यात कापूस. तेवढं एक बरं आहे, ह्यातलं काही त्यांच्या कानावर जात नाही.

११ सप्टेंबर

पैसे भरले नाहीत. आज आमची पिशवी दाराबाहेर तशीच. समोरच्या हंसाबेनचा डबा रिकामा, आमची पिशवी जागच्या जागी! मंदा म्हणाली, “शेक्रेटरींनी न्हाय म्हनलंय बाई. माझा काय इलाज हाय?” सेक्रेटरी कोण, तर हंसाबेनचे यजमान, गुणवंतभाई. समोरच्या दारातून माझ्या पिशवीवर नजर ठेवायला सोयीचंच!

ठीक आहे. मी टाकीन. मला हात आहेत, पाय आहेत.

१३ सप्टेंबर, मंगळवार

काल पिशवी साडीच्या दुकानाच्या मोठ्या पिशवीत घातली. गुलाबी, नाडीची, वर सोनेरी अक्षरं. म्हणजे रस्त्यात कुणाला संशय नको. ऐटीत निघाले. कुंडी ओसंडून वाहत होती — सणाची गर्दी, त्यात मखरांचे थर्माकोल. पिशवी खाली ठेवायला वाकले तोच पानवाला ओरडला, “ओ भाभी! इधर नहीं! मेरा धंदा है इधर!” अख्खा नाका बघायला लागला. तशीच पुढे. पुढच्या कुंडीवर दुसऱ्या सोसायटीचा वॉचमन. त्याच्या पुढे नीलम! भाजीची पिशवी घेऊन समोरून येत होती.

“अय्या गिरिजाताई, साडी घेतलीत? बघू ना!”

बघू ना!! हात पुढे केला तिने. मी पिशवी पाठीमागे घेतली आणि म्हटलं, “ब्लाऊजपीस आहेत, दुसऱ्यांचे.” तिचा चेहरा पडला. आता ती चारचौघींत सांगत सुटणार, गिरिजाताई साडी दाखवत नाहीत, भाव खातात. चालेल. खरं कळण्यापेक्षा तेच बरं.

खाडीपर्यंत गेले. जाऊन-येऊन पंचेचाळीस मिनिटं, हाताला वळ उठले. वाटेत दोनदा मंदाची आठवण झाली आणि दोनदा ती मी झटकून टाकली.

१४ सप्टेंबर

परत खाडी. ब्लाऊजखाली घामोळं.

१७ सप्टेंबर, शनिवार

हे म्हणतात, मी नेतो ऑफिसला जाताना. नेली — आणि स्टेशनपर्यंत जाऊन तशीच परत आणली! “कुठे टाकू कळेना, लोक बघत होते.” जसं काही लोकांना दुसरी कामंच नाहीत, फक्त ह्यांची पिशवी बघायची! मी काही बोलले नाही. म्हणजे पुष्कळ बोलले.

आईंना सकाळी चहा दिला तर अर्धा कप ठेवला. “पुरे गो. जीभ कडू झालीय.” उरलेला मीच प्याले, उभ्या उभ्या.

२० सप्टेंबर

आज चारच फडकी. काल पाच. उकाडा आहे, घामावाटे जात असेल. पिशवी हलकी लागली. देव आहे!

२२ सप्टेंबर, गुरुवार

माझा सकाळचा कार्यक्रम आता ठरून गेलाय. सहाला आईंचं आवरायचं. उशाशी स्टुलावर पाण्याचा तांब्या भरून ठेवायचा. आठला टँकरच्या रांगेत, दार नुसतं लोटून. नऊ-सव्वानऊला दोन बादल्या घेऊन वर. मग पिशवी, मग खाडी, मग स्वयंपाक. कंबर रात्रभर ठणकते. सासूची मोडली, सुनेची मोडायची बाकी आहे.

तांब्या मात्र वर येऊन बघते तर रोज रिकामा. पाणी तरी पितात म्हणायच्या. दुपारी भरून दिला तर हात लावत नाहीत. “आज पाण्याचा वार नाही ना? मग राहू दे. मला नको.” वार असला तर म्हणतात, “उद्याला ठेव.” पाण्याची काटकसर ह्या घरात फक्त त्यांनाच कळते!

२४ सप्टेंबर, शनिवार

सुरतेला प्लेग. पेपरभर तेच. औषधाच्या दुकानापुढे रांग, कसल्याशा कॅप्सूल संपल्या म्हणे. हंसाबेन तोंडाला रुमाल बांधून जिन्यात उभी होती. तिचं माहेर सुरतेचं, फोन लागत नाही. डोळे सुजलेले. मला वाईट वाटलं, विचारायला पुढे गेले, तर दोन पावलं मागे सरली आणि आमच्या दारातल्या पिशवीकडे बोट करून म्हणाली, “भाभी, ये तो अंदर रखो! कुछ भी हो सकता है अभी.”

वाईट वाटणं संपलं.

२५ सप्टेंबर, रविवार

सोसायटीची तातडीची मीटिंग. गच्चीवर नाही, आवारात नाही — आमच्या दारात! आधी तिसऱ्या मजल्यावर उंदीर दिसला म्हणून आरडाओरडा झाला, मग सगळा घोळका खाली सरकत सरकत अकरा नंबरपाशी येऊन थांबला. जसा काही उंदीर आमच्याकडेच जन्मला! दहा-बारा जण. निम्म्यांच्या तोंडाला रुमाल.

गुणवंतभाई हात जोडून बोलले. त्यांचं बोलणं नेहमीच गोड, तेच तर. “भाभी, खराब मत मानना. टाइम खराब छे. पचास रुपया तो देना पडेगा, दो थैली में बांधके. और मैं बोलूं? ये बिमारी जाय तब तक बा को किधर शिफ्ट करो. ठाणे में अच्छा आश्रम है, मेरे पास नंबर है.”

“त्यांचं हाड मोडलंय! प्लेग नाही झालेला!” मी किंचाळलेच.

“हां हां, लेकिन कचरा तो कचरा है ने.”

नीलमसुद्धा मान हलवत होती. हे माझ्या मागे उभे, बनियनवर. तीसवरून पन्नास! सगळे गेल्यावर दार असं आपटलं की भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं. आई भिंतीकडे तोंड करून निजलेल्या. झोप चांगली लागते हल्ली.

२६ सप्टेंबर, सोमवार

आज जे बोलले ते इथे लिहिते. दुसऱ्या कुणाला सांगणार?

सकाळी हे म्हणाले, “त्या आश्रमाला फोन करून तरी बघू का? दोन महिने.” स्वतःच्या आईबद्दल! मला आधी ह्यांचा राग आला, मग थकवा आला, मग काय झालं कोण जाणे. मी म्हटलं, “ठेवा. ठेवा जाऊन! मी तरी किती करायचं? एका माणसाच्या हगण्या-मुतण्याला महिना पन्नास रुपये! ह्याच्यापेक्षा मी नोकरीत होते ते काय वाईट होतं?”

कॉटच्या पायथ्याशी उभी राहून बोलले. हातात सुरी होती, कांदा चिरत होते. बोलून झाल्यावर लाज वाटली. पण खोटं कुठे बोलले? थकले आहे मी. माणूस आहे.

संध्याकाळी आईंनी कानातला कापूस बदलून मागितला. “थोडा जास्त घाल गो.” घातला.

२८ सप्टेंबर

दोनच फडकी.

२९ सप्टेंबर, गुरुवार

परत दोन. भाताची पेज केली होती, चार चमचे घेतली आणि ओठ मिटले. “पोटाला जड होते.” ताकही नको, सरबतही नको. मी म्हटलं, आई, असं कसं चालेल? तर माझा हात धरून म्हणाल्या, “तू जेवलीस का?” गेल्या सात महिन्यांत पहिल्यांदा विचारलं असेल. मला रडूच आलं एकदम. मग कुकरची शिट्टी झाली.

१ ऑक्टोबर, शनिवार

एकच फडकं! दिवसभरात एक!

तशीच उठले, पदर खोचला आणि समोरची बेल दाबली. गुणवंतभाई बाहेर आले. म्हटलं, “बघा. ही आजची पिशवी. आहे का काही ह्यात? तुमच्या घरचा डबा ह्याच्या चौपट भरतो. आता सांगा कसला विशेष कचरा? कसले तीस, आणि कसले पन्नास?” पिशवी त्यांच्या नाकासमोर धरली. ते बिचारे मागे सरले. हंसाबेन आतून म्हणाली, “जवा दो ने.” सोडून द्या म्हणे. तिच्या माहेरी सगळे सुखरूप आहेत, काल फोन लागला, त्यामुळे तीही जरा निवळलीय.

गुणवंतभाईंनी डोकं खाजवलं. “ठीक छे भाभी. सबके जैसा दस.”

सबके जैसा दस! सव्वीस दिवस भांडले मी ह्या तीन शब्दांसाठी.

२ ऑक्टोबर

फळा पुसला. त्यांनी स्वतः पुसला! जिंकले!! आज मंदाने पिशवी उचलली. एका बोटाने. शिरा केला, आईंना भरवायला गेले तर चमचा ओठाला लावून परत दिला. असू दे. बदाम घालून केलेला, ह्यांनी दोनदा घेतला.

४ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी फडकं कोरडं. दुपारी कोरडं. आधी मला आनंदच झाला, हे लिहायलाच हवं. मग दुपारी चारला आईंना हाक मारली तर ओ नाही. डोळे अर्धवट उघडे. जीभ लाकडासारखी कोरडी, गालाची कातडी चिमटीत धरली ती तशीच उभी राहिली. काहीतरी पुटपुटत होत्या, गिरगावच्या नळाचं. “नंबर आला, नंबर आला.”

मी जिन्यात जाऊन ओरडले. हंसाबेन धावत आली, रुमाल नाही काही नाही, सरळ कॉटवर बसून आईंचे तळपाय चोळायला लागली. गुणवंतभाईंनी आपल्या दुकानाचा टेम्पो आणला. गादीसकट उचललं चौघांनी. ह्यांना ऑफिसात फोन केला तो हंसाबेनने.

उद्या-परवा घट बसायचे. बसतील तेव्हा बसतील.

५ ऑक्टोबर

सलाईन लागलंय. डॉक्टर तरुण आहेत. विचारलं, “पाणी किती पीत होत्या?”

“तांब्याभर तरी. रोज सकाळी रिकामा असतो तांब्या.”

“शक्य नाही. शरीरात पाणीच नाही त्यांच्या. बऱ्याच दिवसांपासून पीत नसणार. किडनीवर ताण आलाय.”

मी त्यांच्यावर ओरडले. म्हटलं, मी भरते तांब्या! मी स्वतः बघते! मी काय म्हातारीला तहानलेली ठेवीन? सगळा वॉर्ड बघत होता. हे माझा हात धरून बाहेर घेऊन गेले. इतकं करून हे ऐकायचं!

७ ऑक्टोबर, शुक्रवार

आंघोळीला घरी आले होते. दार उघडं होतं. मंदा उंबऱ्यापाशी आली आणि टोपली खाली ठेवून तिथेच उभी राहिली.

“म्हातारी कशी हाय?”

“तशीच. आज पिशवी नाही. जा तू.”

गेली नाही. उंबऱ्याबाहेर खाली बसली. म्हणाली, “बाई, माझ्या जिवाला घोर हाय. तुमच्या कानावर घालते, मंग काय मारायचं ते मारा.”

तिने सांगितलं ते आठवेल तसं लिहिते. मी टँकरला गेले की ही हंसाबेनचा डबा उचलायला यायची. आमचं दार लोटलेलं. आतून आई हाक मारायच्या, “मंदे, ये आत.” ही आत यायची. आई तांब्याकडे बोट दाखवायच्या. “पाणी पी.”

“मी म्हनलं, आजी, तुमचं भांडं हाय, मी कशी पिऊ? तर म्हनली, पी गो, तू उन्हातनं आलीस. तहान मला असतेच वो बाई. आमच्याकडं तरी कुठं पानी हाय? रोज प्याले. मला वाटलं, म्हातारीला दया आली.”

गिरगावात ह्याच बाईंनी झाडूवालीला कधी उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं. मी नवी नवरी असताना बघितलंय ते.

“मंग चार दिसांमागं मी इचारलं, आजी, सगळं पानी मला देता, तुम्ही काय पिता? तर म्हनली — मी प्याले की कुनाला तरी खाडीवर जावं लागतं, आनि माझ्या सुनेला पैसं पडतात. तिला लोक बोलतात. आता पिशवी हलकी झाली का न्हाय, सांग.”

“तू काय म्हणालीस?”

“म्हनलं, झाली. तर हासली.” मंदाने पदर तोंडाला लावला. “तिला सगळं ऐकू येतं बाई. कापूस नुस्ता घालायचा म्हनून घालते.”

सगळं ऐकू येतं.

सगळं म्हणजे तीस. पन्नास. आश्रम. कांदा चिरताना बोलले ते. आणि त्याच संध्याकाळी मागितलेला जास्तीचा कापूस. माझ्या हातांनी घातला मी तो, बोटाने दाबून.

मंदाला मारणार काय? तिच्याशेजारीच उंबऱ्यावर बसले. ती तहानलेली होती म्हणून प्याली. मी काय तहानलेली होते? मला फडकी कमी झालेली दिसली, आणि का कमी झाली हे बघायच्या ऐवजी मी फळा पुसून घ्यायला धावले. पेज परत येत होती, चहा परत येत होता, शिरा परत आला. उरलेलं सगळं आम्हीच खाल्लं. आणि डॉक्टरांवर ओरडले! मला माझी इतकी घाण आयुष्यात कधी वाटली नाही.

मंदा म्हणाली, “रडू नका बाई. दवाखान्यात जावा. तुमच्या हातनं पाजा.”

८ ऑक्टोबर

चमच्याने पाजलं. दोन चमचे गिळले, तिसऱ्याला ओठ मिटले. मी कानातला कापूस काढला आणि कानाशी तोंड नेऊन सांगितलं, “आई, मंदाने मला सगळं सांगितलं.” डोळे उघडले नाहीत. पण बाजूने पाणी आलं.

कोरडंच आहे अजून फडकं. डॉक्टर म्हणतात, ते सुरू व्हायला हवं. दोन दिवस वाट बघू. मला दुसरं काही सुचत नाही, दर तासाला हात घालून बघते.

९ ऑक्टोबर, रविवार

कोरडं.

१० ऑक्टोबर

कोरडं. डॉक्टर आज नीट बोलले नाहीत. ह्यांनी मोठ्या डॉक्टरांना बोलवायचं का म्हणून विचारलं. हंसाबेन डबा घेऊन आली, माझ्या पाठीवर हात ठेवून बसली.

मी चमचा लावतच होते. “आई, घ्या. तुम्ही प्यालात नाही तर मी पण पिणार नाही.” खरंच प्याले नाही दुपारपर्यंत. मग त्यांनी एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं. तसंच, रागाने, गिरगावातल्यासारखं. आणि तोंड उघडलं. अर्धी वाटी!

१२ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी हात घातला. ओलं! चिंब ओलं! मी वॉर्डभर सांगत सुटले, डॉक्टर हसले. संध्याकाळपर्यंत चार झाली. आईंची लुगडी संपलीत, म्हणून घरी येऊन माझी नारायणपेठ फाडली. बारा तुकडे.

जाताना जिन्याखाली थांबले. खडू तिथेच होता. फळ्यावर लिहिलं — ‘फ्लॅट नं. ११, विशेष कचरा, रु. ३० जादा.’ खाली सही केली, गिरिजा.